पानठेल्यावरची निवड समिती

विदर्भाच्या क्रिकेट संघाची निवड नागपुरात होते असा ज्यांचा समज असेल त्यांनी तो काढून टाकावा. ती चंद्रपुरात, जटपुरा गेटापासून चार पावलांवर असलेल्या एका पानठेल्यावर होते. समितीचे सभासद पाच ते पंधरा. गणसंख्येची अट नाही. सभा सकाळी साडेआठाला भरते आणि कचेऱ्या उघडल्या तरी उठत नाही. एक सभासद वीज केंद्रातून निवृत्त झालेले, दुसरे कोळसा खाणीत कारकून, तिसऱ्यांचे मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान. आणि उरलेली सारी तरुण मंडळी, ज्यांच्या खिशातला मोबाइल कोणत्याही खेळाडूची सरासरी दशांशचिन्हापुढच्या दोन घरांपर्यंत सांगतो. मीही या समितीचा जुना सभासद आहे. निवृत्त शिक्षकाला सकाळी दुसरे काय काम असणार? तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ती परक्याने केलेली निंदा समजू नये. घरातल्याच माणसाने काढलेले हे भांडण आहे.

भांडणाचे मूळ २०२५ च्या फेब्रुवारीत आहे. त्या महिन्याच्या २६ तारखेला जामठ्याच्या मैदानावर विदर्भ आणि केरळ यांच्यातला रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला आणि सकाळी सकाळीच विदर्भाचे तीन गडी २४ धावांत परतले. मग करुण नायर आला. त्याने खेळपट्टीवर खूण करून घेतली न घेतली तोच आमच्या समितीचे एक ज्येष्ठ सभासद सुपारी कातरता कातरता म्हणाले, “हा कर्नाटकाचा मानूस काहून पाहिजे जी आपल्याले? आपल्या पोराची जागा खाते ना तो!” ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. पुढे गोष्ट हर्ष दुबेवर आली. सामना संपला तेव्हा या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या नावावर त्या मोसमात ६९ बळी जमले होते. रणजीच्या एका मोसमात इतके बळी त्यापूर्वी कोणीही घेतले नव्हते. बिहारच्या आशुतोष अमनचा ६८ बळींचा उच्चांक त्याने मोडला. पण आमच्या एका तरुण सभासदाला त्याचे काहीच वाटले नाही. तो म्हणाला, “एवढा भारी असता तं लिलावात कोनी ना कोनी घेतला असता की नाही? ज्याची बोली नाही त्याची किंमत काय?”

ही दोन वाक्ये वरवर पाहता अगदी विरुद्ध टोकांची आहेत. एक म्हणते, माणसाचे मोल तो कोणत्या मातीत जन्मला यावर. दुसरे म्हणते, बाजारात त्याला काय भाव आला यावर. एक भूमीचा भक्त, दुसरा पैशाचा. आणि तरीही हे दोघे एकाच बाकावर इतक्या गुण्यागोविंदाने कसे बसतात याचे मला बरेच दिवस कोडे होते. आता ते सुटले आहे. खेळाडूला खेळताना नीट पाहण्याचे कष्ट दोघांनाही नको आहेत. जन्मगाव विचारून घेतले की काम भागते, भाव विचारून घेतला की काम भागते. पाहणे तेवढे टळते.

प्रथम भावाकडे वळतो. लिलाव म्हणजे काय हे आम्हा चंद्रपूरकरांना कोणी शिकवण्याची गरज नाही. बल्लारशाच्या डेपोत सागवानाचे ओंडके थप्प्या लावून पडलेले असतात. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराला सागवान गेले ते याच डेपोतून. ओंडक्याची लांबी, घेर, सरळपणा हे सर्व मोजून लिहिलेले असते. पण एकाच घेराच्या, एकाच जंगलातल्या दोन ओंडक्यांना एका महिन्याच्या अंतराने निराळा भाव येतो. कारण त्या दिवशी व्यापारी किती आले आणि कोणाच्या गिरणीत माल संपला होता यावर तो अवलंबून. माझे एक आप्त जन्मभर या व्यवसायात होते. ते म्हणत, भाव लाकडाला येत नाही, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हट्टाला येतो. दुसरे गिऱ्हाईक उठून गेले की उत्तम सागवानही हातची बोली मिळताच जाते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरबस्तानात जेद्दा येथे आयपीएलचा जो मोठा लिलाव झाला तो याहून निराळा नव्हता. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा १२० कोटी, खेळाडू जास्तीत जास्त २५. ऋषभ पंतला लखनौने २७ कोटींना घेतले. तोवरचा तो उच्चांक. २०२५ च्या स्पर्धेत त्याने धावा केल्या २६९. आमच्या समितीने ताबडतोब भागाकार केला: एका धावेला दहा लाख! आणि मग दोन दिवस पंतची यथेच्छ नालस्ती झाली. मी म्हणतो, हाही तितकाच अविचार. पंतला कोणी धावांच्या दराने विकत घेतले नव्हते. कर्णधार, यष्टिरक्षक आणि डावखुरा फलंदाज एकाच माणसात हवा होता, दोघा-तिघांच्या थैल्यांत पैसा होता आणि कोणी मागे हटेना. हा भाव पंतने मागितला नव्हता. दुसऱ्याच्या हट्टाची शिक्षा त्याला का? आणि ज्या हर्ष दुबेची “किंमत काय” म्हणून विचारणा झाली, त्यालाच त्या मे महिन्यात हैदराबादने एका जखमी खेळाडूच्या जागी ३० लाखांना बोलावून घेतले. फेब्रुवारीतला दुबे आणि मेमधला दुबे यांत फरक कोणता पडला? मधल्या काळात त्याला कोणी नवी गोलंदाजी शिकवली नव्हती. फरक एवढाच पडला की कोणाचा तरी पाय किंवा खांदा दुखावला आणि एक जागा रिकामी झाली. ज्याला आपण खेळाडूचे मोल म्हणून मिरवतो त्यात त्याचे स्वतःचे किती आणि दुसऱ्याच्या दुखापतीचे किती?

भावानेच मोजायचे म्हटले तर एक हिशेब मलाही मांडता येतो. त्याच महिन्यात उपांत्य सामन्यात नागपूरलाच मुंबईची गाठ पडली. पार्थ रेखडे या नवख्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना परत पाठवले. आयपीएलच्या दप्तरी या तिघांचे आकडे अनुक्रमे दीड कोटी, १६ कोटी ३५ लाख आणि १२ कोटी. बेरीज २९ कोटी ८५ लाख. सहा चेंडूंत एवढी मालमत्ता तंबूत पाठवणाऱ्या मुलाचे नाव त्या दिवशी आमच्या ठेल्यावर निम्म्या सभासदांना ठाऊक नव्हते. शिवाय एक साधी गोष्ट कोणी ध्यानात घेत नाही. तो बाजार वीस षटकांच्या खेळाचा आहे. चार-पाच दिवसांच्या खेळात दुपारी तीनच्या उन्हात, चेंडू वळत नसताना, एका टोकाने पंचवीस षटके टाकीत राहणे या गुणाला तेथे गिऱ्हाईकच नाही. सराफाच्या काट्यावर सिंदेवाहीच्या तांदळाचे पोते कसे मोजणार? काटा खोटा नाही. पण तो पोत्यासाठी नाही.

आता मातीच्या भक्तांकडे वळतो. यांच्याशी वाद करणे अवघड, कारण यांच्या बाजूला भावना आहे आणि ती खोटी नाही. १९५७-५८ च्या मोसमात विदर्भाचा संघ रणजीत उतरला. त्यानंतर साठ वर्षे आम्ही हरत राहिलो. मुंबईचे, दिल्लीचे, कर्नाटकाचे संघ यायचे, धावांचा डोंगर रचायचे आणि जायचे. त्या साठ वर्षांत ज्यांनी हार पाहिली त्यांना जिंकलेला संघ “आपला” असावा असे वाटले तर त्यात गैर काय? मलाही वाटते. प्रश्न “आपला” कोणाला म्हणायचे याचा आहे.

२०१८ च्या पहिल्याच दिवशी इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिला करंडक जिंकला. त्या संघात रजनीश गुरबानीने अंतिम सामन्यात हॅटट्रिक केली, अक्षय वाडकरने शतक काढले, फैज फजल कर्णधार होता. हे सारे आमचेच. पण मुंबईहून आलेले चंद्रकांत पंडित या संघाचे प्रशिक्षक होते आणि मुंबईचाच वसीम जाफर त्यात खेळत होता. आदल्या मोसमात दुखापतीमुळे खेळता आले नाही, तेव्हा या मोसमात पैसे नकोत असे म्हणून जो खेळला, त्याला उपरा म्हणायचे तर आपल्या माणसाची व्याख्या फारच कडक करावी लागेल. पुढल्याच मोसमात, चाळिशी ओलांडत असताना, त्याने विदर्भासाठी १०३७ धावा केल्या आणि करंडक पुन्हा नागपूरला राहिला.

आणि २०२५ च्या त्या अंतिम सामन्यात काय झाले? ज्या नायरने “आपल्या पोराची जागा खाल्ली” म्हणून ठराव झाला, तो मैदानात उभा राहिला तेव्हा समोरच्या टोकाला आपला पोरच उभा होता. दानिश मालेवार, वय २१, पहिलाच रणजी मोसम. तीन बाद २४ वरून या दोघांनी २१५ धावांची भागीदारी केली. नायर ८६ वर धावचीत झाला, मालेवारने १५३ केल्या. विदर्भाच्या ३७९ झाल्या, केरळच्या ३४२. या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक ठरला. दुसऱ्या डावात नायरने १३५ काढून केरळला परतण्याची वाटच बंद केली. मी सभासदांना विचारतो: त्या सकाळी मालेवारच्या समोर तितकाच नवखा, तितकाच घाबरलेला दुसरा एक मुलगा उभा केला असता, तर मालेवारचे १५३ झाले असते काय? झाले असते म्हणणाऱ्याने छातीवर हात ठेवून म्हणावे. त्याच मोसमात संघातील सर्वाधिक धावा यश राठोडच्या, ९६०. नायरच्या ८६३. म्हणजे पाहुण्याच्या पंगतीत घरची मुले उपाशी राहिली नव्हती. उलट चांगली जेवली होती.

पण खरी गंमत केरळच्या डावात झाली. केरळकडून ७९ धावा काढून ज्याने आमच्या सभासदांच्या तोंडचे पाणी पळवले तो आदित्य सरवटे. तोच, ज्याने २०१९ च्या फेब्रुवारीत याच मैदानावर सौराष्ट्राविरुद्ध ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजारासारख्या फलंदाजाला १ आणि ० वर परत पाठवून आम्हाला दुसरा करंडक मिळवून दिला. या मोसमात तो केरळकडून खेळत होता. तो पन्नाशीच्या पुढे गेला तेव्हा ठेल्यावर जी शांतता पसरली तिचे वर्णन करणे माझ्या शक्तीबाहेरचे आहे. टाळी द्यावी तर शत्रूला, शिवी द्यावी तर घरच्याला! ज्येष्ठ सभासदांनी त्या अर्ध्या तासात तीन पाने खाल्ली. तिकडे केरळातही कोठेतरी अशीच एखादी समिती बसली असेल आणि “हा नागपूरचा माणूस आपल्या पोराची जागा कशाला खातो?” म्हणून विचारीत असेल.

मातीची गोष्ट काढायची तर ती चंद्रपुरात तरी जपून काढावी. विदर्भाकडून खेळून कसोटी क्रिकेटपर्यंत पोचलेला पहिला खेळाडू उमेश यादव. त्याचे वडील उत्तर प्रदेशातून आले आणि खापरखेड्याजवळच्या वलनी खाणीत राबले. घुग्घुस, माजरी, दुर्गापूर, बल्लारपूर येथल्या कोणत्याही खाणीच्या वसाहतीत जा. तेलुगू, छत्तीसगढी, भोजपुरी आणि मराठी एकाच नळावर ऐकू येतात. नायरविरुद्धचा ठराव मांडणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सभासदांचे स्वतःचे आजोबा करीमनगरकडून खाणीत कामाला आले होते. ही गोष्ट त्यांनीच मला एका पावसाळ्यात मोठ्या अभिमानाने सांगितली होती. मी ती त्या दिवशी सभेत काढली नाही. काढायला हवी होती असे आता वाटते.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, म्हणजे बाहेरून येणारा प्रत्येक जण डोक्यावर घ्यायचा की काय? मुळीच नव्हे. बाहेरचा माणूस दोन प्रकारचा असतो आणि हा भेद आम्हा झाडीपट्टीच्या लोकांना रक्तात भिनलेला आहे. क्रिकेटची गोष्ट निघाली की मात्र आम्ही तो विसरतो. दिवाळी सरली की वडशाच्या नाटक मंडळ्यांच्या गाड्या गावोगाव निघतात आणि होळीपर्यंत थांबत नाहीत. मंडई, शंकरपट, आणि रात्री नाटक. फलकावर मुंबईच्या एखाद्या नटीचे नाव मोठ्या अक्षरात असते. ती मध्यरात्रीच्या सुमारास येते, एक नाच आणि दोन प्रवेश करते, पाकीट घेते आणि गाडीत बसते. उरलेले नाटक पहाटे पाचपर्यंत ओढून नेतात ती आमचीच माणसे, ज्यांची नावे फलकाच्या तळाशी असतात. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांनी असे पाच हजारांवर प्रयोग केले, आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कोठे पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टी नावाची रंगभूमी असल्याचा शोध लागला. अर्ध्या तासाच्या पाहुणीचा मलाही राग आहे. पण नागपूरहून येऊन सबंध मोसम आमच्या मंडळ्यांबरोबर फिरणारे, एकाच टेम्पोत झोपणारे, नव्या मुलाला प्रवेशाची जागा दाखवणारे नटही मी पाहिले आहेत. त्यांना आजवर कोणत्याही गावाने उपरे म्हटलेले नाही. पहाटेपर्यंत थांबतो तो आपला. नायर पहाटेपर्यंत थांबला. पुढच्या मोसमाला तो कर्नाटकात परत गेला हे खरे. पण नाटक संपल्यावर गेला.

मला वाटते, मुद्दा पाहण्याचाच आहे, आणि तो केवळ आमच्या ठेल्याचा नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात फलंदाजाला चार वाईट चेंडू पडले आणि त्याने एकालाही बॅट लावली नाही तर त्याला पहिला तळ फुकट मिळतो. वाईट चेंडू सोडून देण्याला नजर लागते, संयम लागतो. पण तिकडच्या प्रेक्षकांना आणि निवड करणाऱ्यांना वर्षानुवर्षे त्यात काही कर्तृत्व दिसेना. फलंदाजीच्या सरासरीत तो धरीतच नसत. कान्सासमध्ये बिल जेम्स नावाचा एक गृहस्थ डबाबंद घेवड्याच्या कारखान्यात रात्रीचा पहारेकरी होता. त्याने रात्री जागून आकडे लिहिले, १९७७ पासून स्वतःच्या खर्चाने पुस्तिका काढल्या आणि विचारले की, जो माणूस बाद होत नाही त्याची तुम्ही मोजदाद का करीत नाही? पंचवीस वर्षे बड्या मंडळींनी त्याला हसून घेतले. मग २००२ साली ओकलंडच्या संघाने, ज्याच्याजवळ पैसा बेताचा होता, असेच दुर्लक्षित खेळाडू स्वस्तात जमवले आणि १०३ सामने जिंकले. त्यांत लागोपाठ २०. पुढे बोस्टनच्या संघाने त्या पहारेकऱ्याला नोकरीस ठेवले आणि २००४ साली, ८६ वर्षांनी, अजिंक्यपद मिळवले. दर्जाने पाहिले तर जेम्स हा पानठेल्यावरचाच सभासद. मैदानावर त्याने कर्तृत्व गाजवले नव्हते, संघाशी त्याचा संबंध नव्हता. फरक एवढाच की त्याच्याजवळ वही होती.

येथवर मी इतरांना पुष्कळ बोललो. आता जे सांगायचे आहे ते सांगणे मला सोपे नाही, पण ते न सांगता हा लेख छापायला देणे म्हणजे लबाडी होईल.

१९९१ साली मी आरमोरी तालुक्यातल्या एका विद्यालयात शिकवीत होतो आणि कबड्डीच्या चमूची निवड माझ्याकडे होती. जिल्हा स्पर्धा गडचिरोलीला. बारा जणांची यादी द्यायची होती, अकरा नावे ठरली होती. बाराव्या जागेसाठी दोन मुले. एक गावातलाच, उंचापुरा, चढाईचा राजा. मंडईच्या सामन्यात त्याने एका चढाईत तिघांना बाद केले होते आणि गाव ते विसरले नव्हते. दुसरा जंगलातल्या एका टोल्यावरून पायी येणारा, बुटका, मुका वाटावा इतका अबोल. चढाईला तो कधी गेलाच नाही. डाव्या कोपऱ्यावर उभा राहायचा आणि घोटा धरायचा. धरला की सुटत नसे. निवडीच्या दिवशी मैदानाभोवती शंभर-दीडशे लोक जमले होते आणि चढाईवाल्याचे नाव घेऊन ओरडत होते. मी चढाईवाल्याचे नाव लिहिले. कोणी माझ्यावर दडपण आणले नाही, कोणी पैसे दिले नाहीत. लाजिरवाणी गोष्ट ही की मला मनापासून तोच मोठा खेळाडू वाटला. त्याचे गुण वहीत होते. दुसऱ्याच्या नावापुढे फारसे काही नव्हते, आणि का नव्हते हे माझ्या ध्यानात यायला काही वर्षे जावी लागली. त्याच्या बाजूला कोणी चढाई नेतच नसे. समोरचे चढाईवाले मध्यरेषा ओलांडली की उजवीकडे वळत. जेथे कोणी जात नाही तेथले गुण कोणत्या रकान्यात लिहिणार?

गडचिरोलीला पहिला सामना आम्ही जिंकलो, चढाईवाल्याच्याच जोरावर. त्याचे श्रेय मी काढून घेत नाही. दुसऱ्यात त्याने ११ गुण मिळवले आणि आम्ही ६ गुणांनी हरलो. दोन्ही कोपरे गळक्या मडक्यासारखे झाले होते. दोनदा लोण बसला. सामना संपल्यावर गर्दीतून तो बुटका मुलगा आला. स्वतःच्या पैशाने एसटीने आला होता, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मला म्हणाला, “सर, डावा कोपरा लवकर उठते. पाय दिसला का उठते. थांबाले पाहिजे.” एवढेच. त्या मैदानावर जे झाले त्याचे इतके अचूक निदान मीही केले नव्हते, पंचांनीही नाही, आणि ओरडणाऱ्या दीडशे माणसांपैकी तर कोणीच नाही. मे महिन्यात तो तेंदूपत्ता तोडायला गेला आणि जूनमध्ये शाळेत परत आला नाही. माझ्या यादीमुळे आला नाही असे म्हणण्याइतका मी अहंकारी नाही. घरची परिस्थितीच तशी होती. पण बाराव्या ओळीत त्याचे नाव असते तर कदाचित एक वर्ष अधिक टिकला असता, हा विचार मला अजून सोडत नाही.

म्हणून पानठेल्यावर “कोण आत, कोण बाहेर” हा वाद सुरू झाला की माझा जीव खालीवर होतो. हा वाद निरुपद्रवी करमणूक आहे असे समजणाऱ्यांपैकी मी नाही. नागपूरच्या निवडीवर आमच्या ओरडण्याचा परिणाम होत नसेल, पण शाळेच्या मैदानावर होतो, मंडईत होतो, तालुक्याच्या चमूवर होतो. जटपुरा गेटाजवळ तयार झालेली मापेच तेथे पोचतात: भाव काय, चेहरा कोणाचा, गाव कोणते. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरांच्या पलीकडे. माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत जिल्ह्यात आगगाडी वडशाला तेवढी शिवून जात असे. भामरागडच्या किंवा एटापल्लीच्या मुलाला निवड चाचणीला यायचे तर आदल्या दिवशी निघावे लागे, आणि रात्र बसस्थानकावर काढावी लागे. त्याला घेतले की वगळले हा प्रश्न फार पुढचा. त्याला कोणी पाहिले काय, हा पहिला. नायरने कोणाची जागा खाल्ली याचा हिशेब करताना या मुलांची आठवण मी आमच्या सभेत एकदाही ऐकलेली नाही. “आपला पोर” म्हणताना आमच्या डोळ्यांपुढे जो पोर असतो तो फार तर हिंगणा रोडपर्यंतचा असतो. मातीचा एवढा पुळका, आणि माती वैनगंगेच्या अलीकडेच संपते!

आकड्यांवरही माझा आंधळा विश्वास नाही, हे येथे सांगून ठेवतो. त्या बुटक्या मुलाला आकड्यांनीच बुडवले. पण आकडा चुकला तर दुसरा रकाना आखता येतो. ओरडण्यात रकानाच नसतो.

या भाऊबिजेनंतर मंडया सुरू होतील आणि रात्री कबड्डीचे सामने लागतील. मी दोनशे पानी वही विकत आणली आहे. चढाईचे गुण लिहायला पंच आणि गुणलेखक असतात. मी फक्त दोनच गोष्टी लिहिणार आहे: कोणत्या कोपऱ्याकडे किती चढाया गेल्या, आणि कोणत्या कोपऱ्याकडे गेल्याच नाहीत. ही गोष्ट मी परवा समितीपुढे ठेवली. लिलावाचा हिशेब सांगणारा तो तरुण सभासद येतो म्हणाला. त्याने मोबाइलवर रकानेसुद्धा आखून दाखवले, आणि ते माझ्या रकान्यांपेक्षा बरे होते. ज्येष्ठ सभासद बराच वेळ सुपारी चघळीत बसले. मग म्हणाले, “थंडी लय राहते जी रातच्याले.” घोंगडी मी आणतो, असे त्यांना सांगितले आहे.